‘कुणाला काही सूचना?’ : फिशटँकवाल्यांचा एक क्लब आणि सभासदांचं म्हणणं

(व्याख्यानाचे शब्दांकन. वाचनाच्या सोयीसाठी काही पुनरुक्ती गाळली असून मध्ये उपशीर्षके दिली आहेत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आयोजकांनी फोन केला तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, मी काही व्यवस्थापनशास्त्राचा प्राध्यापक नाही. पुण्यात घरी फिशटँक ठेवणाऱ्या लोकांचा आमचा एक छोटा क्लब आहे, त्याचा मी सहा वर्षं चिटणीस होतो, एवढीच माझी पात्रता. ते म्हणाले, तेवढंच सांगा. एखादी संस्था आपल्याच सभासदांकडून काही शिकू शकते का, आणि शिकायचं असेल तर विचारायचं कसं, ते सांगा. तर आज तेवढंच सांगणार आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरी टँक असेल, बहुतेकांच्या नसेल. पण भिशी, सोसायटी, गिर्यारोहण मंडळ, वाचनकट्टा असं काहीतरी प्रत्येकाचं असतंच. तेव्हा मासे माझे, पण दुखणं तुमच्याही ओळखीचं निघेल.

शेवटची पाच मिनिटं

आमची सभा महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराला, एका शाळेच्या वर्गात. दीड तास कुणीतरी बोलायचं. आणि मग शेवटची पाच मिनिटं उरली की अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणायचे, “कुणाला काही सूचना?”

शांतता. मागे एखादं बाक सरकल्याचा आवाज. कुणीतरी म्हणायचं, “चहा आलाय.” की संपली सभा. आणि इतिवृत्ताच्या वहीत मी लिहायचो, “सभासदांकडून सूचना मागवण्यात आल्या. सूचना आल्या नाहीत.”

हे वाक्य मी चार वर्षं जवळजवळ दर महिन्याला लिहिलं. आणि त्याच चार वर्षांत सभेला येणारी माणसं पस्तीस-चाळीसवरून अकरावर आली. त्या अकरांत सात जण कार्यकारिणीतले. म्हणजे आम्हीच बोलायचो आणि आम्हीच ऐकायचो.

आम्ही याची कारणंही शोधली होती. यूट्यूब आलं. लोकांना वेळ नाही. नव्या मुलांना चिकाटी नाही. तुमच्या लक्षात येईल, यातलं एकही कारण आमच्या खोलीच्या आतलं नव्हतं.

मग एकदा वर्गणीची वही तपासताना मला एका मुलाचं नाव दिसलं. नववीतला मुलगा. दोन सभांना आला होता, विद्यार्थी वर्गणी भरली होती, मग गायब. सहज फोन लावला. आईने उचलला. म्हणाली, “अहो, त्याचे सगळे मासे गेले हो. तीन आठवड्यांत. टँक माळ्यावर टाकलाय आता.” मी म्हटलं, अहो, मग सभेत विचारायचं ना! तेवढ्यात मुलानेच फोन घेतला. म्हणाला, “काका, दुसऱ्या सभेला विचारायलाच आलो होतो. पण सगळे डिस्कसबद्दल बोलत होते. शेवटी सर म्हणाले, कुणाला काही सूचना? माझ्याकडे सूचना नव्हती. माझे मासे मरत होते.”

हे वाक्य मी इतिवृत्तात लिहिलं नाही. पण गेली काही वर्षं ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

उत्तर त्याच खोलीत होतं

त्याचे मासे का मेले, ते दोन मिनिटांत सांगतो. कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मासा कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतो. उरलेलं खाद्य कुजतं, त्यातूनही अमोनिया तयार होतो. अमोनिया माशाला विषारी. निसर्गात एक प्रकारचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य, ते आपण अधूनमधून थोडं पाणी बदलून काढून टाकतो. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वस्ती करतात. आणि नव्या टँकमध्ये ही वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आता या मुलाने काय केलं होतं? दीड फुटी टँक, पहिल्याच दिवशी आठ गोल्डफिश. दर रविवारी अख्खा टँक रिकामा करून लखलखीत घासायचा आणि स्पंज नळाखाली धुवायचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन. म्हणजे जी काही वस्ती बसत होती ती दर आठवड्याला हाच उठवत होता, आणि वर आठ मासे अमोनिया ओतत होते. बिचारा जितकी जास्त काळजी घेत होता तितके मासे लवकर मरत होते. फिशटँकमधली ही सगळ्यात जुनी, सगळ्यात नेहमीची चूक आहे.

त्या दिवशी त्या वर्गात वीसेक माणसं होती. त्यातल्या पंधरा जणांना तरी हे उत्तर पाठ होतं. मुलगा तिसऱ्या बाकावर होता. उत्तर आणि प्रश्न यांच्यात आठ फुटांचं अंतर, आणि तेवढं अंतर आमच्या क्लबला ओलांडता आलं नाही. आमच्याकडे ज्ञान कमी नव्हतं. एका माणसाकडून दुसऱ्याकडे ते जायला वाट नव्हती.

क्लब हवाच कशाला?

इथे कुणी विचारेल, आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग क्लब हवाच कशाला? या छंदाचा इतिहास बघितला तर उत्तर मिळतं. १८५० च्या सुमाराला लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून टँक टिकवता येतो हे दाखवलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी ‘फिश हाउस’ उघडलं. त्यानंतर हा छंद घराघरांत गेला आणि पाठोपाठ क्लब आले. न्यूयॉर्कमधली ब्रुकलिन अ‍ॅक्वेरियम सोसायटी १९११ ची आहे. आपल्याकडे मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं आणि कितीतरी मराठी घरांतला पहिला टँक ते बघून आल्यानंतरच्या हट्टातून आला.

पण पुस्तकं होती, मत्स्यालयं होती, तरी क्लब का लागले? कारण पाणी. पुस्तकातलं पाणी आणि आपल्या नळाचं पाणी एक नसतं. लंडनच्या माणसाने लिहिलेला नियम पुण्यात चालेलच असं नाही. आणि पुण्यातही सदाशिव पेठेतला नियम गावाबाहेरच्या टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत चालेलच असं नाही. तुमच्या गल्लीतलं पाणी कसं आहे, हे तुमच्या गल्लीत मासे ठेवणाऱ्या माणसालाच माहीत असतं. हे यूट्यूबवर नाही. म्हणून क्लब. आणि म्हणूनच अशा क्लबमध्ये सभासदांचं म्हणणं गोळा करणं ही शिष्टाचाराची गोष्ट नाही. सभासदांना जे माहीत आहे ते सोडून क्लबकडे दुसरं काही नसतंच.

लोक गप्प का बसतात?

त्या फोननंतर मी वहीतल्या गळालेल्या सभासदांना एकेक करून फोन लावले. बावीस जण बोलले. बरं का, कुणीही “क्लब वाईट आहे” असं म्हणालं नाही. पण सूचना का दिली नाही, याची चार कारणं पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाली.

पहिलं, प्रश्नच फार मोठा. “क्लब सुधारण्यासाठी काय करावं?” यावर माणूस काय बोलणार? त्याला आपल्या दोन फुटी टँकची चिंता असते, संस्थेच्या धोरणाची नसते.

दुसरं, जो सुचवेल त्याच्याच गळ्यात. “मासिक काढू या” म्हटलं की आम्ही लगेच, “वा, मग तुम्हीच संपादक!” आम्हाला वाटायचं आपण उत्तेजन देतोय. समोरचा पुढच्या वेळी तोंड उघडत नसे.

तिसरं, हसणं. एका ताईंनी सांगितलं की त्यांनी एकदा विचारलं होतं, “बाउलमध्ये फायटर ठेवला तर चालेल का?” मागून दोघं हसले. कुणी वाईट हेतूने हसलं नसेल. पण त्या ताई परत आल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर द्यायला अर्धा तासही पुरणार नाही.

चौथं कारण मला सगळ्यात जास्त लागलं. एक गृहस्थ म्हणाले, “मी सूचना दिली होती की. दोन वर्षांपूर्वी, लेखी. पुढे काय झालं तेच कळलं नाही.” मी फाइल काढून बघितली. पत्र होतं. माझ्याच हाताने पंच करून लावलेलं. सूचना होती की सभा पावणेबाराला सुरू करा, कारण अकराला घरचं आटपत नाही. आम्ही त्यावर हो म्हणालो नव्हतो, नाही म्हणालो नव्हतो. फाइल केलं होतं.

प्रश्न बदलला

मग आम्ही एक केलं. मत विचारणं सोडलं आणि प्रसंग विचारायला लागलो.

म्हणजे कसं? सभेच्या शेवटी नाही, तर अगदी सुरुवातीला प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी आणि पेन्सिल. दहा मिनिटं. तीन प्रश्न. एक, गेल्या तीन महिन्यांत तुमच्या टँकमध्ये काय बिघडलं? दोन, तेव्हा तुम्ही कुणाला विचारलं, आणि का त्यालाच? तीन, तुमच्याकडे असं काय पडून आहे जे दुसऱ्याला उपयोगी पडेल? नाव लिहा किंवा नका लिहू.

बघा, यात ‘सूचना’ हा शब्द कुठेच नाही. पण माणसाला प्रसंग विचारला की तो बोलतो. “शनिवारी रात्री लाइट गेली, पहाटेपर्यंत एअर पंप बंद, चार एंजल गेले.” “माशावर पांढरे ठिपके आले, दुकानदाराने निळं औषध दिलं, पण ते किती टाकायचं ते सांगितलं नाही.” दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं तर आमचे डोळे उघडणारी होती. बहुतेकांनी दुकानदाराला विचारलं होतं. काहींनी मोबाइलवर शोधलं. क्लबमधल्या कुणाला विचारलं असं लिहिणारे फक्त तिघं. का? “कुणाला फोन करायचा ते माहीत नाही,” किंवा “एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला त्रास द्या.”

आणि जे सभेला येत नाहीत त्यांचं काय? त्यांना फोन. याला पर्याय नाही. जे खोलीत बसलेत त्यांनाच विचारलंत तर तुम्हाला कळतं की खोली छान आहे.

चिठ्ठ्यांतून काय निघालं

पहिल्या फेरीत एकसष्ट चिठ्ठ्या जमल्या, फोनवरच्या धरून. माझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघांनी त्या पसरल्या आणि विषयवार नाही तर दुखण्यावार ढीग केले. कारण लोक उपाय वेगवेगळे सांगतात, पण दुखणं एकच असतं. कुणी लिहितं “तज्ज्ञ बोलवा”, कुणी “पुस्तिका काढा”, कुणी “हेल्पलाइन करा”. तिघांचंही म्हणणं एकच आहे की अडचण आली तेव्हा कुणी भेटलं नाही. उपायांवर मतदान घेतलं असतं तर तीन तट पडले असते. दुखण्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

सगळ्यात मोठा ढीग पाण्याचा. कुणी म्हणे गपी टिकत नाहीत, कुणी म्हणे गपी सोडून काही टिकत नाही. एका आजोबांनी लिहिलं होतं की मी माशांना घरचं आरओचं पाणी देतो, आपण पितो तेच चांगलं पाणी, तरी मरतात. आता आरओचं पाणी म्हणजे क्षार जवळपास काढून टाकलेलं पाणी. त्यात पाण्याची आम्लता सांभाळून धरणारे क्षारच उरत नाहीत, त्यामुळे पीएच एकदम घसरू शकतो. आजोबा मायेने जे करत होते तेच माशांना भोवत होतं.

मग त्या ढिगातूनच एका सभासदाची ओळ सापडली: “सगळ्यांनी आपापल्या नळाचं पाणी बाटलीत आणा. माझ्याकडे टेस्ट किट आहे.” बस. पुढच्या सभेला टेबलावर सत्तावीस बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, भागाचं नाव आणि महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं. खडकवासल्याकडून येणारं धरणाचं पाणी मऊ, टीडीएस मीटरवर आकडा शंभराच्या आसपास. बोअरच्या पाण्याचे आकडे पाचशे, आठशे. आपला बेसाल्टचा खडक, त्यातून झिरपलेलं पाणी जड असतंच. टीडीएस म्हणजे काही पाण्याचा जडपणा नव्हे, म्हणून तो वेगळा मोजला, पीएच वेगळा मोजला. त्याचा एक तक्ता केला. बोअरवाल्यांनी गपी, मॉली, प्लॅटी ठेवा, खूश राहतील. निऑनसारखे टेट्रा मऊ पाणीवाल्यांना सोपे जातील. पावसाळ्याच्या तोंडावर धरणाचं पाणी गढूळ येतं, क्लोरीनही वाढवतात, तेव्हा पाणी बदलताना अँटीक्लोरीन विसरू नका. हा एक पानाचा कागद. तो आम्ही आता प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्या दिवशी देतो. यासाठी बाहेरचा तज्ज्ञ लागला नाही. सत्तावीस बाटल्या लागल्या.

दुसरी गोष्ट तिसऱ्या प्रश्नातून आली, तुमच्याकडे काय पडून आहे? एका रिक्षावाल्या दादांनी लिहिलं होतं: “जुना स्पंज.” आम्हाला आधी वाटलं थट्टा आहे. ते म्हणाले, “अहो, माझ्या टँकमध्ये दोन जादा स्पंज टाकून ठेवतो. नवीन टँकवाल्याला त्यातला एक द्या. जिवाणू आयते.” मंडळी, त्या मुलाचं दुखणं आठवतंय ना? चार-सहा आठवड्यांची वाट या स्पंजमुळे बरीच कमी होते. अट एवढीच की ज्या टँकमधून स्पंज घ्यायचा तो निरोगी हवा, नाहीतर स्पंजाबरोबर रोगही जातो. आणि स्पंज वाटेत सुकू द्यायचा नाही, त्याच पाण्यात पिशवीत न्यायचा. आज आमच्या सात सभासदांच्या फिल्टरमध्ये असे क्लबचे स्पंज आहेत. आम्ही त्याला ‘विरजण’ म्हणतो. घरात विरजण नसलं तर शेजारून आणतो, तसंच.

तिसरा ढीग अवघड होता. “मासा फार मोठा झालाय, काय करू?” यातल्या बहुतेक चिठ्ठ्या सकरच्या. दुकानात दोन इंचांचा मिळतो, “टँक साफ करतो” म्हणून लोक घेतात. तो दीड फुटापर्यंत वाढतो. मग एक दिवस माणूस कंटाळतो आणि बादलीत घालून नदीत सोडतो. वाटतं, जीव वाचवला. मुळात हा दक्षिण अमेरिकेतला मासा. अंगावर चिलखत, पंखांना काटे, त्यामुळे इथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. काठात बिळं करून अंडी घालतो. पश्चिम बंगाल, आंध्रातल्या मत्स्यतळ्यांत तो पसरलाय. मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात आणि बाजारात त्याला किंमत नाही. म्हणजे इथे प्रश्न फक्त आमच्या छंदाचा राहिला नाही. आमच्या टँकमधली चूक दुसऱ्याच्या पोटावर येते.

यावर आम्ही ठरवलं की वाढलेला मासा कुणीही आणून द्यावा, कारण विचारायचं नाही, रागवायचं नाही. दोन सभासदांकडे गच्चीवर मोठ्या टाक्या आहेत, तिथे ठेवतो. ‘रागवायचं नाही’ ही अटही चिठ्ठीतूनच आली होती. तीच सगळ्यात महत्त्वाची ठरली. रागावलं तर माणूस क्लबकडे येत नाही, नदीकडे जातो.

‘नाही’ सुद्धा उत्तर असतं

एकसष्ट चिठ्ठ्यांतलं सगळं करता येत नाही, हे उघड आहे. आम्ही तीन पाकिटं केली. पहिलं, याच महिन्यात होईल. दुसरं, पैसा किंवा माणूस मिळाला की करू. तिसरं, करणार नाही, आणि का ते एका ओळीत. मग ही तिन्ही पाकिटं पुढच्या सभेत वाचून दाखवली. सूचना मागवल्यापासून उत्तर देईपर्यंत एका महिन्यापेक्षा जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही, हा नियम केला.

इतिहासातला एक प्रसंग मला फार आवडतो. जपानमध्ये १७२१ साली शोगुन योशिमुने याने राजधानी एडोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, सामान्य लोकांसाठी सूचनापेटी ठेवली. नाव-पत्ता लिहिणं बंधनकारक. ओगावा शोसेन नावाच्या वैद्याने त्यात चिठ्ठी टाकली, गरिबांसाठी रुग्णालय काढा. पुढच्याच वर्षी, १७२२ मध्ये, ते रुग्णालय उभं राहिलं. पेटी काय, कुणीही ठेवतं हो. एका चिठ्ठीचं रुग्णालय झालेलं दिसलं की दुसरा माणूस कागद हातात घेतो.

आणि दरवेळी रुग्णालयच व्हायला हवं असंही नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनीने १८९८ मध्ये कामगारांकडून सूचना घेणं सुरू केलं. पहिलं बक्षीस दोन डॉलर, आणि सूचना काय? खिडक्यांच्या काचा धुवा, उजेड येत नाही. आमच्याकडची पहिली अमलात आलेली सूचना कुठली, माहीत आहे? सभा पावणेबाराला. दोन वर्षं फाइलमध्ये पडलेली. ती मान्य झाली त्या महिन्यात सहा बायका परत आल्या.

आमचं काय फसलं

सगळं गोड गोड सांगून जायचं नाही. परदेशातल्या क्लबांत एक पद्धत आहे. जो सभासद घरी माशांची पैदास करतो त्याला गुण मिळतात. पिल्लं जगून ठरावीक दिवसांची झाली, बऱ्याच ठिकाणी तीस दिवसांची, की नोंद होते, आणि काही पिल्लं क्लबच्या लिलावाला द्यायची असतात. एका तरुण सभासदाने हे सुचवलं. आम्ही उत्साहाने जसंच्या तसं उचललं. चार महिन्यांत काय झालं? गुणांसाठी सगळे गपी वाढवायला लागले. गपीला पिल्लं व्हायला काय लागतं! लिलावात दोनशे गपी आणि घेणारे बारा. उरलेल्यांचं करायचं काय? म्हणजे नदीत मासे सोडू नका म्हणणारा क्लब स्वतःच जादा मासे तयार करत होता. थांबवलं. आता गुण आहेत, पण ते पाणवनस्पती वाढवून वाटणाऱ्याला आणि नव्या माणसाचा पहिला टँक तीन महिने टिकवून देणाऱ्याला.

यातून शिकलो ते एवढंच की सूचना चांगली असली तरी ती तीन महिने करून बघायची. कायम करायची घाई नाही. आणि बंद केली तर ज्याने सुचवली त्याला आधी फोन करायचा, सभेत नाही सांगायचं. या तरुणाला मी आधी फोन केला नव्हता. तो महिनाभर रुसला होता, आणि ते त्याचं बरोबर होतं.

आज सभेला तीसेक माणसं येतात. चाळीस अजून झालेली नाहीत. पण इतिवृत्तातलं ते जुनं वाक्य मात्र माझ्यानंतरच्या चिटणीसबाईंना एकदाही लिहावं लागलेलं नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : नाव लिहायला लावावं की नको?

उत्तर : दोन्ही मोकळं ठेवा. सुरुवातीला आमच्याकडे बहुतेक चिठ्ठ्या बिननावी होत्या. उत्तरं मिळायला लागली तशी नावं यायला लागली. माझ्या मते नावांची संख्या हाच तुमच्या संस्थेचा ताप मोजायचा थर्मामीटर आहे. जबरदस्तीने नाव लिहायला लावलंत तर थर्मामीटर फुटतो.

प्रश्न : एवढं फोन आणि चिठ्ठ्या कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकला की झालं.

उत्तर : पोलमध्ये पर्याय कोण लिहितं? आपणच. म्हणजे आपल्याला जे सुचलं त्यातूनच लोकांनी निवडायचं. ‘जुना स्पंज’ हा पर्याय मी जन्मात लिहिला नसता. सभेची वेळ ठरवायला पोल उत्तम. पण अडचण काय आहे ते शोधायला नाही. शिवाय ग्रुपवर बोलणारे पाच जण ठरलेले असतात. त्यांचं म्हणणं आपल्याला आधीच पाठ असतं.

प्रश्न : त्या मुलाचं पुढे काय झालं?

उत्तर : त्याला मी परत बोलावलं, तो लगेच आला नाही. दहावी होती. परीक्षा झाल्यावर आला. टँक माळ्यावरून काढला, ‘विरजण’ घेऊन गेला, आणि या वेळी दोनच मासे आणले. तेव्हा पाण्याच्या बाटल्यांची दुसरी फेरी होती. आपल्या सोसायटीची बाटली त्याने आणली होती, आणि शेजारच्या दोन सोसायट्यांच्याही. मी म्हटलं, अरे, तीन कशाला? म्हणाला, “तिथेपण कुणाकडे तरी टँक असेल ना, काका.”